मांडव ओढ्याच्या अलीकडे

माझा सत्कार होणार आहे, हे मला आमच्याच दुकानात शाल घ्यायला आलेल्या माणसाकडून कळलं.

घोडेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. तालुक्यात कुणाचाही सत्कार असो, निवृत्तीचा, निवडून आल्याचा, पोरगं दहावी पास झाल्याचा, शाल-फेटा आणि टॉवेल-टोपी आमच्याकडूनच जाते. तर कचेरीतला शिपाई आला आणि म्हणाला, "भाभी, एक शाल द्या. दिसायला झकास पायजे, पण लई भारी नको." मी काढून दाखवल्या. त्याने त्यातली एक निवडली, उजेडात नेऊन बघितली. मी सहज विचारलं, "कुणाला हो?"

"तुमालाच की!" तो म्हणाला. "म्हंजी, फोन न्हाई आला तुमाला?"

गल्ल्यावर बसलेल्या आमच्या ह्यांना हसू आवरेना. वर त्या शिपायाला म्हणतात कसे, "घरचंच कार्य आहे, थोडं कमी करून देतो." मी शालीची घडी घालून पिशवीत कोंबली आणि आत निघून गेले.

तुम्ही म्हणाल, कौतुक होतंय तर बाईला एवढं चिडायला काय झालं? सांगते. त्याआधीच्या वर्षभरात माझे इतके सत्कार झाले होते की मला हार बघितला तरी शिंका यायच्या. जुन्नरला एका मंडळाने बोलावलं, मग एका शाळेने, मग महिला दिनाला कुणी तरी. सगळीकडे तेच. आपण वेळेवर जायचं, पाहुण्यांनी उन्हं उतरल्यावर यायचं, निवेदकाने मला वाघीण म्हणायचं, काचेत बसवलेला कसला तरी पुतळा हातात द्यायचा आणि फोटो काढताना मला हळूच कडेला सरकवायचं. घरात तो पुतळा ठेवायला जागा नाही आणि रोज पुसायचा मात्र मी.

मी केलं काय होतं, तेही सांगून टाकते. तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात तिच्या डोक्यावरचा डोंगर एका सकाळी खाली सरकला. माणसं बाजूच्या उतारावर कामाला गेली होती म्हणून वाचली, पण घरं गेली, भाताची खाचरं गेली, जनावरं गेली. वाडीच्या पायथ्याला ओढा आहे, त्याच्यावरची मोरी पुराने उचलून नेली, म्हणजे वाडीत जायचा रस्ताच तुटला. त्या वाडीतली माणसं आमची जुनी गिऱ्हाईकं. लग्नाचा बस्ता आमच्याकडेच बांधतात. बातमी कळली तसं मी दुकानातली घोंगड्या-ब्लँकेटं टेम्पोत टाकली आणि निघाले. मी एकटी नव्हते हो! बाजारपेठेतली निम्मी घरं बरोबर होती. आण्याच्या पठारावरून, जिथे स्वतःलाच पाण्याची मारामार, तिथून बाजरीच्या भाकऱ्यांचे गठ्ठे आले. निमगाव सावाहून टेम्पोभर भाजी आली, आणि त्यातला निम्मा टेम्पो कांदा. आम्ही जैन, आमच्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. चातुर्मास चालू, आणि माझ्या अंगणात कांद्याचा ढीग! सासूबाई दाराआड बसून जप करत होत्या आणि मी अंगणात कांदा निवडत होते. असं सगळं पार पडलं. ओढा उतरला तशी माणसं अलीकडच्या शाळेत येऊन राहिली, जेवली, नंतर परत वाडीत पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

पण एक गोष्ट पार पडली नाही. त्या वाडीत एक म्हातारे बाबा आहेत, वाडीचे कारभारी म्हणा. त्यांची सून तेव्हा दिवसात होती. डोंगर सरकला त्याच आठवड्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. वाडी अजून पलीकडेच अडकलेली, ओढा फुगलेला, मोरी गेलेली. माणसांनी तिला झोळीत घालून काठाकाठाने वरच्या उथळ जागेपर्यंत नेलं, तिथून उतरवलं. मी अलीकडे गाडी घेऊन उभी होते, मला ती झोळी पलीकडे दिसत होती. दिसत होती आणि काहीही करता येत नव्हतं. ती इकडे येईपर्यंत फार उशीर झाला. पोरगी वाचली, बाळ गेलं.

आता मला सांगा, ज्या कामात ते बाळ गेलं, त्या कामाबद्दल मला वाघीण म्हणून हार घालतात. काय करू मी त्या हाराचं?

मोरी व्हावी म्हणून मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. "मॅडम, प्रस्ताव पुढे गेलाय." पुढे म्हणजे कुठे? तर वर. वर कोण? तर साहेब बदलून गेले. नवीन साहेब आले, मला बघून म्हणाले, "अरे वा, तुमचं नाव ऐकलंय मॅडम, तुमचा एकदा सत्कार करायला हवा." मी मोरी मागायला जायचे आणि सत्कार घेऊन परत यायचे. अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता.

अशात ती शाल गेली, आणि त्याच आठवड्यात बाबांची सून बाजाराला आली. दुकानात बसली, पाणी प्यायली आणि लाजून म्हणाली, "भाभी, पुन्ना दिस राह्यलेत." मी महिने मोजले. बाळंतपण बरोब्बर पावसात येणार होतं. ती हसत होती आणि मला पलीकडची ती झोळी दिसायला लागली.

त्या दिवशी जेवताना मी ह्यांना म्हटलं, "मी सत्कार घेणार."

"अरे वा, सूर्य कुठे उगवला?"

"पण इथल्या सभागृहात नाही. वाडीत घेणार."

हे खाता खाता थांबले. नवरा कापड विकतो, पण डोकं चालतं त्यांचं. आपल्याकडे रस्ता कधी होतो? मोठा माणूस त्याच्यावरून जाणार असेल तेव्हा. वर्षानुवर्षं खड्ड्यात आपटणाऱ्या गाड्यांना कुणी विचारत नाही, पण पुण्याहून पाहुणा निघाला की मुरूम येतो, रोलर येतो, कडेच्या दगडांना चुनासुद्धा लागतो. मोठा पाहुणा वाडीत न्यायचा म्हणजे मोरी केल्यावाचून गत्यंतर नाही, हा माझा सरळ हिशोब. ह्यांनी विचार केला आणि म्हणाले, "जमलं तर झकास आहे."

मी साहेबांकडे गेले. अगदी गोड बोलले, आयुष्यात कधी बोलले नाही इतकं. म्हटलं, "ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्या अंगणात शाल मिळाली तर बरं वाटेल हो." साहेब आधी का-कू करत होते. मग त्यांच्याच लक्षात आलं की दुर्गम भागात कार्यक्रम, आदिवासी बांधव, फोटो चांगले येतील. सत्काराला पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांनाही कल्पना फार आवडली म्हणे. तारीख ठरली, पावसाळ्याच्या बऱ्यापैकी आधीची.

आणि खरंच सांगते, जादू झाली! वर्षभर ज्या रस्त्यावर कुणी फिरकलं नव्हतं तिथे जेसीबी आला. खचलेल्या कडा भरल्या, मुरूम पडला, रोलर फिरला. मी एकदा मुद्दाम बघायला गेले तर ओढ्याच्या काठाला सिमेंटचे भले मोठे पाइप आणून टाकलेले. मोरीचे पाइप! मी त्या पाइपांवर हात फिरवला, वेड्यासारखी. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, ह्यांना सांगितलं, सून बाजाराला आली तेव्हा तिलाही सांगितलं. "आता तू गाडीत बसून यायचं बघ दवाखान्यात." ती नुसती मान हलवत राहिली, पण डोळे भरले तिचे.

कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले असताना बाबा दुकानात आले. नवी टोपी घ्यायला. टोपी डोक्यावर बसवून आरशात बघता बघता मोठ्या खुशीत म्हणाले, "भाभी, तुमी आता बिनघोर ऱ्हावा. समदं जुळवून आणलंय. साहेब आलं व्हतं जागा बघाय. मी म्हनलं, एवढा मोठा मानूस, त्येला वढ्यातनं, चढनीनं वर कशाला न्यायचा? आमी हायेत की. आमीच समदी खाली उतरतो. मांडव वढ्याच्या अल्याड घालू, शाळंच्या मैदानात. पावण्याच्या बुटाला चिखुल लागनार न्हाई."

माझ्या हातातली टोप्यांची चवड खाली पडली.

"बाबा, काय केलंत हे!"

"का?" त्यांना कळेचना. "साहेब लई खूश झालं. म्हनलं, बाबा, तुमच्यासारखी मानसं न्हाई ऱ्हायली."

का नाही खूश होणार! पाहुणा ओढ्याच्या अलीकडे थांबणार म्हटल्यावर मोरी कशाला हवी? मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांना समजावलं, की अहो, पाहुण्याने ओढा ओलांडावा म्हणूनच तर हा सगळा घाट घातला होता, तुमच्या सुनेसाठी. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग खजील होऊन म्हणाले, "ते खरं हाय भाभी. पर पावण्याला तरास द्यायचा म्हंजी कसं दिसतं?"

ह्या माणसांच्या दारात तुम्ही जा, घरात मूठभर तांदूळ असले तर ते तुम्हाला घालतील आणि स्वतः पेज पितील. दरडीनंतर ओढा उतरल्यावर मी वाडीत गेले, तेव्हा चिखलात बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, चहा घेणार का म्हणून. चूल कुठे होती त्याची? डोंगराखाली! त्यांची ही रीत मला माहीत होती, आणि तरी माझ्या हिशोबात ती धरायची राहिली.

तशीच उठून कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, आम्ही कुठे काही बदललं? ग्रामस्थांचीच मागणी होती." ग्रामस्थांची मागणी! मोरीची मागणी मात्र ह्यांना वर्षभर ऐकू आली नव्हती. आणि पाइप? "ते दुसऱ्या कामावर तातडीने लागले, मॅडम. इकडचं पावसाळ्यानंतर बघू." मी इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. साहेबांनी मला पाणी मागवलं.

सत्काराला मी जाणारच नव्हते. ह्यांनी समजावलं, "जा आणि माइकवर सांग. निदान तोंडावर सांग." गेले. मांडव सुरेख घातला होता, आंब्याचे डहाळे, रांगोळ्या. सगळी वाडी नव्या कपड्यांत ओढा ओलांडून खाली आलेली, सून आठव्या महिन्याचं पोट सावरत बायकांच्या रांगेत बसलेली. पाहुणे आले ते दुपार कलल्यावर, गुळगुळीत रस्त्याने, आणि उतरता उतरता म्हणाले, "रस्ता काय छान आहे इकडे!" मी दात आवळून उभी होते. शाल अंगावर आली, माझ्याच दुकानातली, नारळ आला. मग मी माइक हातात घेतला आणि सांगितलं. बाळ गेलं ते सांगितलं, ही पोरगी पुन्हा गरोदर आहे ते सांगितलं, हा ओढा, ही वाहून गेलेली मोरी, मागे वळून बघा म्हणाले, इथून दिसते ती जागा. पाहुणे खरोखर हळहळले, खोटं कशाला बोलू. शेजारच्या माणसाला म्हणाले, "नोंद घ्या." त्याने घेतली. मग बाबा उठले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही तरी मागेल. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आमचं काय बी मागनं न्हाई. तुमी एवढ्या लांब आलात, आमचं भाग्य." आणि घरच्या आंबेमोहोराची पिशवी पाहुण्यांच्या हातात दिली. टाळ्या! मांडव दणाणून गेला टाळ्यांनी. मला त्या क्षणी बाबांना गदागदा हलवावंसं वाटलं, शपथेवर सांगते.

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. वाडीतल्या बायकांनी पहाटेपासून रांधलेलं तसंच राहिलं. "त्यांस्नी घाई आसंल," बाबा म्हणाले.

पाऊस लागायच्या आत मी सुनेला आणि तिच्या सासूला आमच्या घरी आणून ठेवलं. दुसरा मार्गच नव्हता. आमच्या घरात दोन चुली झाल्या. बाळंतिणीला लसणाशिवाय कसं चालेल, म्हणून तिची सासू परसात वेगळ्या शेगडीवर लसणाची फोडणी द्यायची आणि आमच्या सासूबाई नाकाला पदर लावून तिला सांगायच्या, "जरा जास्त घाल गं, दूध येऊ दे." ग्रामीण रुग्णालय जवळच. वेळेवर नेलं, मुलगी झाली, रडली, अगदी घर डोक्यावर घेईल अशी. ह्यांनी बाजारपेठेत पेढे वाटले. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून इतकी रडले की नर्सला वाटलं काही वाईट झालं.

सव्वा महिन्याने त्यांना घरी जायचं होतं. बारसं वाडीतच करायचं होतं. पाऊस उघडीप देत होता पण ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी. मी त्यांना गाडीने सोडायला गेले. गुळगुळीत रस्ता मैदानापर्यंत, पुढे ओढा. बाबा आणि वाडीतली चार माणसं आम्हाला घ्यायला आली होती. आणि त्यांनी बरोबर काय आणलं होतं? खुर्ची! शाळेतली, हातांची खुर्ची, दोन्ही अंगांना बांबू बांधून पालखीसारखी केलेली.

मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, बाळंतिणीची तरी सोय केली. मी सुनेला म्हटलं, "बस गं." तर ती मागे सरकली. चौघंही माझ्याकडे बघायला लागले.

"न्हाई भाभी," बाबा म्हणाले, "खुर्ची तुमच्यासाठी हाय. बसा तुमी. आमी न्हेतो उचलून."

"आणि ही?"

"ती काय, हात धरून येती की. तिला सवय हाय."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती सांगता येत नाही. ओली बाळंतीण, उराशी सव्वा महिन्याचं लेकरू, तिने पाण्यातून चालायचं, आणि मी, ही बाजारपेठेतली धडधाकट बाई, खुर्चीत बसून जायचं? मी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. ती उठायला लागली तेव्हा तिला अशी रागावले की ती परत बसली. बाळाला तिच्या मांडीवर दिलं. "उचला!" मी त्या माणसांना म्हटलं. माणसं घुटमळली. "उचला म्हणते ना!" मग त्यांनी उचललं. मी चपला हातात घेतल्या आणि साडी खोचून तिच्या सासूच्या मागोमाग पाण्यात उतरले. बाबा धावत माझ्या बाजूला आले. "भाभी, आवं भाभी, असं नका करू, काय म्हनतील लोकं!" कुठले लोक? डोंगर आणि पाऊस, दुसरं होतं कोण तिथे? पाणी ओढ घेत होतं. माझा पाय दोनदा निसटला, बाबांनी दोन्ही वेळा धरलं. खुर्ची आमच्या पुढे हेलकावत चालली होती आणि बाळ शांत झोपलं होतं. पुढच्या लशीच्या डोसाला त्याला ह्याच पाण्यातून परत आणायचं होतं.

पलीकडे पोचले तेव्हा कमरेपर्यंत भिजले होते. बाबांचा चेहरा एवढासा झाला होता. डोक्यावरची नवी टोपी काढून ते उभे राहिले, जणू त्यांच्या हातून काही पाप घडलं होतं.

"भाभी, तुमाला लई तरास झाला."

"हो, झाला!" मी साडी पिळत ओरडले. "आणि तुम्हाला होत नाही? ह्या पोरीला होत नाही? मला कशाला सांगता, त्या साहेबांना सांगा ना! पाहुण्यांना सांगा! तुमच्या तोंडाने सांगा, की आम्हाला त्रास होतो म्हणून!"

माणसांनी खुर्ची टेकवली होती, सून बाळाला घेऊन उतरत होती. मग बाबा अगदी हळू, मला समजावल्यासारखे म्हणाले, "आसं कसं म्हनायचं, भाभी? पावण्याला तोंडावर आसं बोललं, तर पुन्ना येतील का ते वाडीत?"

"अहो बाबा," मी म्हटलं, "ते आलेच कुठे होते?"